फुकट औषधाचा जमाखर्च

महिनाअखेर जवळ आली म्हणजे मध्यमवर्गीय घरांत एक लहानसें अंदाजपत्रक मांडलें जातें. वाण्याचें देणें, दुधाचें देणें, घरभाडें आणि मुलांची फी यांची बेरीज पगाराच्या आंकड्यापुढें गेली, तर नवी साडी पुढच्या महिन्यावर ढकलली जाते, नाटकाचा बेत रहित होतो आणि संसाराचा मेळ कसाबसा बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण अशाच घरांतून जन्मास आली असली पाहिजे. परंतु त्याच घरांत एखाद्या रात्रीं मुलाला सणसणून ताप भरला, तर अंथरुणाची लांबी कोणी मोजीत बसत नाहीं. डॉक्टर बोलावला जातो, औषध आणलें जातें, आणि हिशेबाची वही दुसऱ्या दिवशीं उघडली जाते. आजार हा यजमानाची ऐपत विचारून येणारा पाहुणा नव्हे.

जें एका घराचें, तेंच एखाद्या राष्ट्राचें. सर्व नागरिकांच्या आजाराचा भार एकदां सरकारनें आपल्या शिरावर घेतला, कीं हीच ओढाताण तिजोरीपाशीं सुरू होते. खर्चाची रक्कम पार्लमेंट वर्षांतून एकदां ठरवितें. आजार मात्र वर्षाचे बारा महिने येत असतात. या दोहोंमध्यें जें अंतर पडतें, त्यालाच सार्वजनिक आरोग्यसेवेची तूट म्हणतात. ही तूट कशी उत्पन्न होते, ती भरून काढली जाते म्हणजे नेमकें काय होतें, आणि तिचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडतो, हें समजून घ्यावयाचें असेल, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेइतकें बोधप्रद उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

ही सेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. सर विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानें तिची कल्पना लोकांपुढें ठेवली, १९४६ च्या कायद्यानें तिला रूप दिलें, आणि मजूर पक्षाच्या सरकारांतील आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनीं ती प्रत्यक्षांत आणली. तिचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येतें. उपचाराच्या वेळीं रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं. तो सर्वांनीं मिळून करांच्या रूपानें आधींच द्यावयाचा. हें तत्त्व जितकें उदार, तितकेंच तें हिशेबनिसाला अवघड आहे. दुकानांत गिऱ्हाईक वाढलें तर गल्ला वाढतो. करावर चालणाऱ्या सेवेंत रुग्ण वाढले तर केवळ खर्च वाढतो, थैली तेवढीच राहते. व्यापाऱ्याची तूट ही बहुधा माल न खपल्याची खूण असते. इस्पितळाची तूट पुष्कळदां माल फार खपल्याची खूण असते. म्हणून एकाच शब्दानें ओळखल्या जाणाऱ्या या दोन गोष्टींना एकच औषध लागू पडत नाहीं.

आरंभीं ही अडचण कोणाला फारशी जाणवली नव्हती. आरोग्यावरील खर्च १९४५ सालीं १७ कोटी पौंड होईल आणि वीस वर्षांनंतर, १९६५ सालींहि, तो तितकाच राहील, असें बेव्हरिज यांच्या अहवालांत धरलें होतें. सेवा वाढेल हें खरें, पण लोक निरोगी झाल्यामुळें आजारहि घटतील, आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीनें फिटेल, असा त्यामागील तर्क होता. तर्क सरळ होता. पण अनुभवानें तो खोटा ठरविला. क्षयांतून वांचलेला तरुण पुढें म्हातारा होतो आणि हृदयरोगाच्या उपचारासाठीं पुन्हां इस्पितळाच्या दारांत येतो. नवें औषध निघालें कीं जुना असाध्य रोग साध्य होतो, आणि साध्य झाला म्हणूनच तो खर्चाच्या यादींत येतो. शिवाय या सेवेचा सर्वांत मोठा खर्च वेतनाचा आहे. कारखान्यांत यंत्र आलें तर दहा माणसांचें काम दोघे करतात. परंतु रुग्णाची कूस बदलणारी, त्याला घोट घोट पाणी पाजणारी परिचारिका यंत्रानें दुप्पट वेगानें काम करूं लागत नाहीं. तिचें वेतन मात्र इतरांच्या वेतनाबरोबर वाढवावें लागतें.

पहिल्याच आर्थिक वर्षांत अंदाज चुकले आणि पार्लमेंटपुढें पुरवणी मागणी आणावी लागली. पहिल्या वर्षभरांत पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. दांत दाखविण्यासाठींहि लोकांची रीघ लागली. लोक फुकट मिळतें म्हणून लुटीत आहेत, असें टीकाकार म्हणूं लागले. पण थोडा विचार केला तर निराळेंच चित्र दिसतें. १९११ च्या विमाकायद्यानें डॉक्टरची सोय कामगाराला मिळे. त्याच्या बायकामुलांना ती नसे. कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षें दुखणीं अंगावर काढीत, आणि कित्येक म्हातारीं माणसें अंधुक दृष्टीनेंच दिवस ढकलीत. १९४८ सालीं दुखणीं नव्यानें जन्मलीं नव्हतीं; तीं घराच्या अंधारांतून बाहेर आलीं एवढेंच. तोंपर्यंत ही तूट कोणत्याहि सरकारी वहींत लिहिलेली नव्हती, कारण ती बायका आणि म्हातारीं माणसें आपल्या शरीरावर सोसत होतीं. सेवा सुरू झाली आणि ती तूट घरांतून तिजोरींत आली. या घटनेंतच सगळ्या विषयाचें सूत्र आहे. आरोग्यसेवेची तूट सहसा नाहींशी होत नाहीं. ती जागा बदलते.

तिची जागा बदलण्याचा पहिला प्रयोग १९५१ सालीं झाला. कोरियांतील युद्धामुळें ब्रिटननें तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हातीं घेतला होता. आरोग्यसेवेचा खर्च वर्षाला सुमारें ४० कोटी पौंडांवर जाऊं द्यावयाचा नाहीं, असा अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांचा निश्चय होता. म्हणून कवळ्या आणि चष्मे यांच्या किंमतीचा कांहीं भाग रुग्णाकडून घेण्याचें ठरलें. पहिल्या वर्षीं त्यापासून अवघे १ कोटी ३० लाख पौंड मिळावयाचे होते. एवढ्या रकमेसाठीं सेवेचें मूळ तत्त्व मोडावयाचें काय, असा प्रश्न करून बेव्हन यांनीं एप्रिल १९५१ मध्यें मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढें पुन्हां अधिकारावर आलेल्या हुजूर पक्षानें १९५२ सालीं औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क बसविलें. १९६५ सालीं तें रद्द झालें आणि १९६८ सालीं परत आलें. वेल्सनें तें २००७ सालीं, उत्तर आयर्लंडनें २०१० सालीं आणि स्कॉटलंडनें २०११ सालीं काढून टाकलें. इंग्लंडमध्यें मे २०२४ मध्यें तें दर औषधामागें ९ पौंड ९० पेनी झालें. पण मुलें, वृद्ध, गरीब आणि कित्येक दीर्घ रोगी यांना त्यांतून सूट असल्यामुळें तेथें दहांपैकीं सुमारें नऊ औषधें विनामूल्यच दिलीं जातात. ज्याला खरोखर औषध लागतें त्याच्याकडे बहुधा पैसा नसतो, आणि त्याला सूट दिली म्हणजे शुल्काचें उत्पन्न उरत नाहीं. शुल्कानें तूट भरण्याच्या मार्गांतील पेंच हा असा आहे.

सेवेंत उधळपट्टी तर होत नाहीं ना, हा प्रश्न स्वाभाविकच होता. त्याची चौकशी करण्यासाठीं १९५३ सालीं अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिल्बो यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. खर्चाला आळा घालण्याचे उपाय ती सुचवील अशी सरकारची अपेक्षा होती. १९५६ च्या जानेवारींत तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट निघाला. पौंडांचा आंकडा वाढला होता, पण महागाई आणि राष्ट्राचें वाढतें उत्पन्न लक्षांत घेतां सेवेचा वांटा वाढण्याऐवजीं घटला होता. १९४९-५० सालीं तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्के होता; १९५३-५४ सालीं सव्वातीन टक्क्यांवर आला होता. उलट एका बाबतींत सरकारनें हात फारच आखडता घेतला आहे, असें समितीला आढळलें. ती बाब म्हणजे इस्पितळांच्या इमारती. त्यांपैकीं सुमारें ४५ टक्के १८९१ पूर्वींच्या होत्या.

तूट लपविण्याचा दुसरा मार्ग येथें दृष्टोत्पत्तीस येतो. चालू खर्च थांबवितां येत नाहीं. रुग्णाला आजचें औषध आजच द्यावें लागतें. छप्पर मात्र आणखी एक पावसाळा काढील अशी आशा करतां येते. दुरुस्ती पुढें ढकलली म्हणजे या वर्षीचा जमाखर्च जुळतो आणि गळणारें छप्पर पुढच्या मंत्र्याच्या वांट्याला येतें. तिसरा मार्ग रांगेचा. शस्त्रक्रिया नाकारावयाची नाहीं, फक्त तिची तारीख लांबवावयाची. अशा वेळीं तूट पौंडांत दिसत नाहीं. ती गुडघ्याच्या वेदनेंत, बुडालेल्या रोजगारांत आणि वाढलेल्या रोगांत मोजावी लागते. इंग्लंडमध्यें सप्टेंबर २०२३ मध्यें अशा प्रतीक्षेच्या यादींतील नोंदी सुमारें ७७ लाखांवर गेल्या होत्या.

तूट कोठें पडते हें पुष्कळ अंशीं पैसा कसा वांटला जातो यावरहि अवलंबून असतें. सेवेच्या पहिल्या अडीच तपांत बव्हंशीं मागील वर्षींचा आंकडा पाहून पुढचा ठरे. त्यामुळें जेथें जुनीं मोठीं इस्पितळें होतीं त्या लंडनकडे पैसा अधिक जाई, आणि जेथें आजार अधिक होता अशा प्रदेशांकडे कमी. १९७६ सालीं एका अभ्यासगटानें लोकसंख्या, वय आणि मृत्यूचें प्रमाण यांवर आधारलेलें वांटणीचें सूत्र सुचविलें, आणि तूट म्हणजे नेहमीं कारभाऱ्याचा गलथानपणा नव्हे, तर कधीं वांटणीचा दोषहि असतो, हें मान्य झालें. त्याच सुमारास ठरलेल्या रोख रकमेपलीकडे खर्च करावयाचा नाहीं, असें बंधनहि आलें.

बंधन आवश्यक असतें, परंतु तें कसें घातलें जातें याला महत्त्व आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडमधील इस्पितळांना एक विचित्र नियम लागू होता. समजा, एखाद्या इस्पितळाचें उत्पन्न १०० पौंड असतां खर्च ११० झाला. तर दुसऱ्या वर्षीं त्याच्या उत्पन्नांतून १० पौंड कापले जात, आणि शिवाय मागील १० पौंडांची तूटहि त्यानें भरून काढावी अशी अपेक्षा असे. म्हणजे ११० वरचा खर्च एकदम ८० वर आणावयाचा. एकाच चुकीबद्दल दोनदां दंड करणारा हा नियम २००७ सालीं मागें घेण्यांत आला.

हिशेबाच्या धाकाचा परिणाम किती दूर जाऊं शकतो, याची साक्ष मध्य स्टॅफर्डशायरमधील इस्पितळानें दिली. स्वायत्त दर्जा मिळविण्यासाठीं जमाखर्च जुळलेला असणें अवश्य होतें. म्हणून त्या संस्थेनें २००६-०७ सालीं सुमारें १ कोटी पौंडांची काटकसर हातीं घेतली आणि कर्मचारी कमी केले. वही जुळली, दर्जाहि मिळाला. पण वॉर्डांत परिचारिका पुरेशा उरल्या नाहींत. रुग्ण पाण्यावांचून तळमळत पडले, कित्येकांचीं मळलेलीं अंथरुणें वेळेवर बदललीं गेलीं नाहींत. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारींत आला, तेव्हां ही सारी हकीकत जगापुढें मांडली गेली. हिशेबांतून वगळलेली तूट रुग्णाच्या उशाशीं जाऊन बसली होती.

चौथा मार्ग कर्जाचा. नवीं इस्पितळें तर हवींत, पण त्यांचा खर्च सरकारी कर्जाच्या आंकड्यांत दिसावयास नको, या विचारानें १९९२ सालीं खाजगी भांडवलाची एक योजना निघाली आणि १९९७ नंतर तिचा मोठा विस्तार झाला. इमारत खाजगी मंडळीनें बांधावी, आणि इस्पितळानें पंचवीस-तीस वर्षें तिचे हप्ते भरावे, असे करार झाले. इमारती चांगल्या उभ्या राहिल्या. पण हप्ता हा प्रत्येक वर्षाच्या अंदाजपत्रकांतील पहिला मानकरी होऊन बसला. रुग्ण घटोत वा वाढोत, परिचारिका मिळोत वा न मिळोत, हप्ता चुकवितां येत नाहीं. इंग्लंडमधील सुमारें १,३०० कोटी पौंडांच्या बांधकामापोटीं, देखभालीच्या सेवा धरून, अखेर सुमारें ८,००० कोटी पौंड द्यावे लागतील, असा हिशेब २०१९ सालीं मांडला गेला. दक्षिण लंडनमधील ज्या संस्थेवर असे दोन मोठे करार होते, ती २०१२ सालीं सरकारी प्रशासकाच्या ताब्यांत गेली आणि पुढच्या वर्षीं विसर्जित झाली. २०१८ सालीं सरकारनें असे नवे करार करणें बंद केलें. जुने हप्ते मात्र चालूच राहिले.

या साऱ्या मार्गांचा एकत्रित परिणाम २०१० नंतरच्या दशकांत दिसून आला. २०१५-१६ सालीं इंग्लंडमधील इस्पितळांची एकंदर तूट २४५ कोटी पौंडांवर गेली. तिचें एक कारण उद्बोधक आहे. पूर्वीं कायम जागा कमी केल्यामुळें रिकाम्या पाळ्या भरण्यासाठीं मध्यस्थ संस्थांकडून परिचारिका आणि डॉक्टर महाग दरानें घ्यावे लागले, आणि त्यावर त्या एका वर्षांत साडेतीनशें कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. काटकसरच येथें उधळपट्टीची जननी ठरली. मग सुरू झाला वड्याचें तेल वांग्यावर काढण्याचा प्रकार. २०१४-१५ ते २०१८-१९ या पांच वर्षांत इमारती आणि यंत्रसामग्री यांसाठीं राखलेल्या निधींतून ४३० कोटी पौंड चालू खर्चाकडे वळविण्यांत आले. वार्षिक हिशेब सांवरला. परंतु राहून गेलेल्या दुरुस्तीचा आंकडा २०२३-२४ पर्यंत सुमारें १,३८० कोटी पौंडांवर जाऊन पोंचला. नॉरफोकमधील किंग्ज लिन येथील इस्पितळांत हलक्या काँक्रीटच्या फळ्यांचें जुनें छप्पर सांवरण्यासाठीं हजारोंच्या संख्येनें टेकू उभे करावे लागले. छपराखालीं टेकू आणि टेकूंमध्यें रुग्ण हें दृश्य म्हणजे मागील वर्षांच्या जुळलेल्या वह्यांचें मूर्तिमंत चित्रच होय.

एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या ऐन भरांत, सरकारनें शंभरांहून अधिक इस्पितळांचें १,३४० कोटी पौंडांचें कर्ज माफ केलें. हें कर्ज मुख्यतः सरकारनेंच सरकारी इस्पितळांना दिलेलें होतें. म्हणजे एका खिशानें दुसऱ्या खिशाला दिलेली उसनवारी होती. ती फिटणार नाहीं हें दोन्ही खिशांना ठाऊक होतें. तरीहि वर्षानुवर्षें ती वहींत मांडली जात होती आणि तिच्या ओझ्याखालीं कारभारी वाकत होते. पुढें सप्टेंबर २०२४ मध्यें लॉर्ड डार्झी यांनीं आपल्या अहवालांत सेवेला भांडवली खर्चांत सुमारें ३,७०० कोटी पौंडांचा तोटा सोसावा लागल्याचें दाखवून दिलें, तेव्हां गिल्बो समितीनें अडुसष्ट वर्षांपूर्वीं सांगितलेलीच गोष्ट नव्या आंकड्यांत पुन्हां सांगितली गेली.

या तुटीचा एक भाग समुद्र ओलांडून भारतांतहि आला, हें येथील वाचकांनीं विसरतां कामा नये. ब्रिटननें आपल्याला लागतील तितके डॉक्टर स्वतः तयार केले नाहींत. १९६० नंतरच्या काळांत भारतीय उपखंडांतून गेलेल्या डॉक्टरांनीं तेथील इस्पितळांत, आणि विशेषतः औद्योगिक गांवांतील दवाखान्यांत, रिकाम्या जागा भरून काढल्या. भारतीय पदव्यांना तेथें १९७५ पर्यंत सरसकट मान्यता होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या सरकारी आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेजसारख्या नगरपालिकेच्या संस्थांतून जे पदवीधर तिकडे गेले, त्यांच्या शिक्षणाचा भार येथील करदात्यानें उचलला होता. लंडनच्या वहींत ही रक्कम कोठेंच खर्ची पडलेली दिसत नाहीं.

मग तूट सांवरण्याचा योग्य मार्ग कोणता? अमर्याद पैसा हें त्याचें उत्तर नव्हे. तसें उत्तर कोणत्याहि राष्ट्राला परवडणारें नाहीं. पण अनुभवानें कांहीं नियम घालून दिले आहेत. चालू खर्चाची वही आणि दुरुस्तीची वही निराळी ठेवावी, आणि एकीची तूट दुसरीनें भरूं नये. अपव्ययानें पडलेली तूट आणि रुग्णसंख्येनें पडलेली तूट यांत भेद करावा. पहिलीला शिस्त हवी, दुसरीला पैसा. कोणता उपचार सार्वजनिक पैशानें द्यावयाचा आणि कोणता नाहीं, हें गुपचूप रांग लांबवून ठरविण्यापेक्षां उघडपणें कारणें देऊन ठरवावें. १९९९ सालीं याच हेतूनें ब्रिटनमध्यें एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. नव्या औषधानें निरोगी आयुष्याचें एक वर्ष मिळवून द्यावयास किती खर्च येतो, याची ती तुलना करते. अनेक वर्षें वीस ते तीस हजार पौंड ही तिची साधारण मर्यादा होती. आयुष्याला किंमत लावणें हें ऐकावयास कठोर वाटतें. परंतु किंमत न लावण्याचा पर्याय मुळीं उपलब्धच नसतो. ती उघड लावावयाची कीं अंधारांत, एवढाच प्रश्न असतो.

तात्पर्य, एखाद्या आरोग्यखात्याची तूट नाहींशी झाली असें वर्तमानपत्रांत वाचावयास मिळालें, तर सुज्ञ नागरिकानें आनंद मानण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य करावा: ती गेली कोठें? रुग्णाच्या खिशांत, रांगेंतील वेदनेंत, गळक्या छपरांत, नातवंडांनीं फेडावयाच्या हप्त्यांत, कीं परक्या देशाच्या तिजोरींत? घरांतील गृहिणीला हा प्रश्न शिकवावा लागत नाहीं. महिनाअखेरीस वही जुळली, तरी ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन जुळली आहे, हें तिला पक्कें ठाऊक असतें.